पाच हजार आठशे त्र्याण्णव

"सर, मला प्रॅक्टिकलला त्र्याण्णव लागतात," मी म्हणाले.

उपळकर सर खडूच्या फडक्यानं चष्मा पुसत होते. त्या फडक्यानं काच स्वच्छ होत नाही, उलट पांढरी होते, हे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला कळू नये, याची मला कीव आली. मार्क मागायला मी गेले होते आणि कीवही मीच करत होते. तेव्हा मी अशीच होते.

"लागतात म्हणजे?"

"म्हणजे कमीत कमी. शंभरातले."

मी पिशवीतून पत्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांना केबिन नव्हती. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक टेबल, एक खुर्ची आणि टेबलावर ती पिवळी वही. सर वीस वर्षं त्याच वहीतून शिकवत होते. पानं पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या. 'पिवळी वही' हे त्यांचं नाव मीच ठेवलं होतं आणि ते बार्शीच्या अख्ख्या कॉलेजात रूढ झालं होतं. म्हणजे, 'पिवळी वही आली का रे वर्गात?' असं पोरं बिनदिक्कत विचारायची.

सरांनी पत्राची दोन्ही पानं सावकाश वाचली. बेंगळुरूच्या मोठ्या संस्थेत एम.एस्सी.ला मला जागा मिळाली होती. डिसेंबरात मुलाखत, जानेवारीत पत्र. गावात माझा केवढा उदोउदो झाला! चुलत्यांनी चौकात माझा फोटो लावून फ्लेक्स लावला. कॉलेजनं शाल-श्रीफळ दिलं. सत्काराला उत्तर देताना मी माइक हातात घेऊन म्हणाले होते, "या यशाचं श्रेय कोणाला द्यायचं, असा प्रश्न मला पडला नाही. मी स्वतः अभ्यास केला." पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत उपळकर सर बसले होते, त्यांनीही वाजवल्या.

पत्राच्या दुसऱ्या पानावर अगदी खाली एक ओळ होती. शेवटच्या वर्षाला एकूण साठ टक्के नसतील तर प्रवेश रद्द. ती मी जानेवारीत हसून सोडून दिली होती. साठ टक्के! आमच्या वर्गातल्या ठोंब्यांनाही साठ पडायचे.

फेब्रुवारीत पाचव्या सेमिस्टरचा निकाल लागला. पाचशेपैकी दोनशे बासष्ट. मुलाखतीच्या नादात मी कॉलेजचा अभ्यास सोडूनच दिला होता. या लोकांनी काढलेले पेपर काय लिहायचे, असं म्हणून तीन तासांचा पेपर दीड तासात टाकून उठायचे. मग घरी बसून हिशेब मांडला. वर्षाचे एक हजार मार्क, हवेत सहाशे. सहाव्या सेमिस्टरला लेखीत जीव तोडला तरी चारशेपैकी दोनशे पंचेचाळीस. उरले प्रॅक्टिकलचे शंभर. त्यातले त्र्याण्णव पाहिजेत. एक कमी पडला तरी गेलं सगळं.

"अण्णांना माहीत आहे?" सरांनी विचारलं. अण्णा म्हणजे माझे वडील, एस.टी. डेपोत कंट्रोलर. सरांची आणि त्यांची तोंडओळख होती.

"नाही. सांगणारही नाही."

कशी सांगणार होते? त्या पत्राच्या जोरावर अण्णांनी वैरागचं स्थळ परत पाठवलं होतं. आत्या रागावून गेली ती महिनाभर आलीच नाही. "आमची स्वरूपा शास्त्रज्ञ होणार," असं अण्णा डेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांना सांगत फिरत होते. जागा गेली असती तर आत्या दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन वैरागला गेली असती. मला झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं. पण मार्क मागताना मी ते तोंडावर दिसू दिलं नाही.

"त्र्याण्णव कसे द्यायचे ग?" सर म्हणाले. "वर्षभरात तू प्रयोगशाळेत किती वेळा आलीस?"

"सर, सगळ्यांना देताच की."

बोलून गेले. खरंच होतं ते. वर्गात एकही पोरगं असं नव्हतं की ज्याला नव्वदच्या खाली मिळाले. प्रयोगवह्या म्हणजे मोठा विनोद. सीनियरची वही घ्यायची, रीडिंगसकट उतरवायची, सही घ्यायची. माझी वही तर माझी मैत्रीण रुकसाना उतरवून द्यायची, कारण तिचं अक्षर चांगलं आणि मला वेळ नव्हता. ती ज्या वहीतून उतरवायची ती वही तिच्या मावसबहिणीची, आणि तिनं ती आणखी कोणाची उतरवलेली.

सर रागावले नाहीत. रागवायचीही धमक नाही, असं मी मनात म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. "उद्यापासून दुपारी दोनला येत जा. ग्रेटिंगचा प्रयोग कर. एकच कर, पण स्वतः कर. तो नीट करून दाखवलास की बाकीचं मी बघतो."

"एकच?"

"एकच."

बाहेर आल्यावर मी रुकसानाला म्हणाले, "सूड घेतोय म्हातारा. 'पिवळी वही' त्याच्या कानावर गेलंय."

"सूड कसला? एकाच प्रयोगावर सोडलंय तुला. मला सांगितलं असतं तर मी पाया पडले असते," रुकसाना म्हणाली. "आणि म्हातारा काय म्हणतेस ग? पन्नासचे असतील."

"उत्तर सगळ्यांना पाठ आहे आणि मी तिथं बसून काय करू?"

उत्तर खरंच पाठ होतं. ग्रेटिंग म्हणजे काचेचा एक तुकडा, पितळी चौकटीत बसवलेला. त्यावर एका इंचात हजारो बारीक रेघा असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश त्यातून सोडायचा. तो बाजूला किती वळतो तो कोन छोट्या दुर्बिणीतून बघून मोजायचा. चौकटीवर रेघांचा आकडा लिहिलेला असतो, तो आणि कोन सूत्रात घातला की त्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी येते. पाच हजार आठशे त्र्याण्णव. जगात कुठंही मोजा, तेवढीच. फिजिक्सच्या पोराला स्वतःच्या घरचा पिनकोड आठवणार नाही, पण हा आकडा झोपेतून उठवून विचारा.

दुसऱ्या दिवशी दोनला गेले. शिवलिंगमामांनी काळे पडदे सोडून ठेवले होते. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. दिवा तापायला दहा मिनिटं घेतो, तोवर मामांनी चौकट फडक्यात गुंडाळून आणून दिली.

"जपून, बाई. काचेला बोट लावू नका."

"मामा, मला शिकवू नका."

चौकटीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली होती. १५,००० रेघा प्रति इंच. मी बसले. चारच वाजले असतील, पहिलं उत्तर आलं. चार हजार नऊशे आठ.

मला हसूच आलं. पाच हजार आठशे त्र्याण्णवच्या जागी चार हजार नऊशे आठ. परत दुर्बीण जुळवली, डावीकडचं वाचलं, उजवीकडचं वाचलं. चार हजार नऊशे अकरा. तिसऱ्यांदा चार हजार नऊशे पाच. मी मामांना म्हणाले, "भंगारात घाला हे सगळं. कॉलेज आहे का भंगाराचं दुकान?"

"सरांना विचारा की. आहेत शेजारीच."

"त्यांना काय विचारू? वहीत बघून सांगतील."

मामा टेबल पुसत राहिले.

पुढचे दोन दिवस मी चिडून बसले होते, पण बसले होते हे खरं. कारण मी काही ठोंबी नव्हते. टेबल पातळीत आहे का बघितलं, प्रकाश आत येतो ती फट बारीक केली, वीस-वीस रीडिंग घेतले. उत्तर जागचं हलायला तयार नाही. चार हजार नऊशेच्या आसपासच. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी एकदम डोक्यात आलं, की चार हजार नऊशे म्हणजे निळसर हिरवा प्रकाश. माझ्यासमोर तर हळदीसारखा पिवळा दिवा जळत होता. म्हणजे प्रकाश चुकत नव्हता. कोनही चुकत नव्हता. उरलं काय? चिठ्ठी.

मी एका कोऱ्या पानावर उलटा हिशेब मांडला. प्रकाश ५८९३ धरला, माझा मोजलेला कोन घेतला आणि रेघा काढल्या. बारा हजार चारशे चौऱ्याण्णव. म्हणजे बारा हजार पाचशेच! असा गोल आकडा उगाच येत नाही. मी खाली लिहिलं, 'चौकटीवरचा आकडा चुकीचा आहे. हे ग्रेटिंग १२,५०० चं आहे,' आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. तीन वर्षांत त्या इमारतीत मला पहिल्यांदा आनंद झाला होता. वाटलं, पळत जावं आणि कोणाला तरी दाखवावं.

कोणाला दाखवणार? पलीकडच्या टेबलावर पिवळी वही उघडून बसलेल्या माणसाला?

मी विचार केला, आणि तो विचार मला आजही शब्दन् शब्द आठवतो. याला हे समजायचं नाही. समजलं तरी पटायचं नाही. पटलं तरी बाहेरचे परीक्षक येणार, ते ५८९३ बघणार आणि टिक करणार. वाद घालून कोणी त्र्याण्णव देत नाही. मला जागा हवीय, शोध नकोय.

मी ते पान चुरगाळून टोपलीत टाकलं. मग नवीन पान घेतलं, उत्तरावरून उलटं येऊन कोन काढला, वीस अंश एकवीस मिनिटं, आणि त्याच्या आजूबाजूला छान वर-खाली करून सहा रीडिंग लिहिले. एकोणीस मिनिटं, बावीस मिनिटं, वीस मिनिटं. अगदी खऱ्यासारखे. उत्तर आलं पाच हजार आठशे एक्क्याण्णव. दोनचा फरक मुद्दाम ठेवला. तेवढी अक्कल मला होती.

दोन दिवसांनी वही घेऊन सरांच्या टेबलापाशी गेले. सर त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मला बघितल्याबरोबर खुर्ची ओढून दिली.

"ये, बारबोले. बस. झालं का?"

"झालं, सर."

त्यांनी वही घेतली. घाईनं उघडली आणि वाचली. मग हळूहळू परत पहिल्या ओळीपासून वाचली.

"हे तुझे रीडिंग?"

"हो, सर."

"स्वतः घेतलेस?"

"सर, तीन दिवस बसलेय. मामांना विचारा."

"बसलीस ते माहीत आहे मला." त्यांनी चष्मा काढला. "काही अडचण आली नाही? काही विचारायचं आहे?"

"नाही, सर. उत्तर आलंय की."

"बघ हं. अजून वेळ आहे. परत एकदा बसायचं असेल तर बस."

किती घोळ घालतोय हा माणूस, असं मला झालं. मी म्हणाले, "सर, लेखीचा अभ्यास आहे मला. सही करताय ना?"

त्यांनी सही केली. वही माझ्या हातात न देता टेबलावरून पुढे सरकवली. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

मार्चच्या शेवटी प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. सोलापूरहून बाहेरचे परीक्षक आले. त्यांची बडदास्त ठेवण्यात कॉलेजचा निम्मा दिवस गेला. पोहे, चहा, मग जेवणाला काय, शेंगाची पोळी की पुरणाची. मामांनी टेबलावर प्रयोगांच्या नावांच्या चिठ्ठ्या पसरल्या, मी एक उचलली. ग्रेटिंग. योगायोग होता की आणखी काही, ते मला अजून माहीत नाही.

मी दुर्बिणीला डोळासुद्धा लावला नाही. वीस अंश एकवीस मिनिटं पाठच होते. दीड तास दिव्यासमोर नुसतीच बसले, स्क्रू फिरवल्यासारखं केलं आणि आकडे लिहिले. परीक्षक ढेकर देत माझ्यापाशी आले. उपळकर सर त्यांच्या मागे उभे होते.

"अरे वा, पाच हजार आठशे पंच्याण्णव!" परीक्षक म्हणाले. "बेंगळुरूला निघालेली ती हीच का?"

"हीच," सर म्हणाले.

"शाबास! हाताला चांगलं वळण आहे पोरीच्या."

माझं पहिलं लक्ष सरांकडे गेलं. ते दिव्याकडे बघत होते.

परीक्षक चारच्या गाडीनं गेले. पोरं पांगली. मी पायऱ्या उतरत होते तेव्हा मामा मागून आले. "बाई, सरांनी बोलावलंय."

पडदे उघडले होते. उजेडात प्रयोगशाळा फारच कळकट दिसत होती. सरांच्या टेबलावर मार्कांचा तक्ता होता, त्यांनी तो माझ्याकडे फिरवला. बारबोले स्वरूपा. पंच्याण्णव.

माझ्या जिवात जीव आला. अण्णांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, बेंगळुरू आलं, सगळं परत जागेवर आलं. "थँक्यू, सर," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

सरांनी ड्रॉवर उघडला. आतून एक पान काढून तक्त्याशेजारी ठेवलं. चुरगाळलेलं होतं, पण कोणीतरी हातानं दाबून दाबून सरळ केलं होतं. खाली दोन रेघा ओढलेल्या.

"मामांना टोपलीत सापडलं," सर म्हणाले. "त्यांना वाटलं, पोरीनं तीन दिवस मेहनत केली आणि कामाचं पान चुकून टाकलं. म्हणून आणून दिलं त्यांनी."

त्यांनी फडक्यातून ती पितळी चौकट काढली आणि नखानं चिठ्ठीची कड उचलली. चिठ्ठी सुटून आली. खाली पितळेवरच आकडा कोरलेला होता. १२,५००.

"ही चिठ्ठी मी चिकटवली. अकरा वर्षं झाली. तेव्हा एका वर्गानं सगळ्या प्रयोगवह्या एकाच वहीवरून उतरवल्या होत्या, अगदी चुकांसकट. म्हटलं बघू, मोजतं तरी कोणी का. मोजलं तर ५८९३ येणारच नाही. मग पोरगं मला येऊन सांगेल, सर, तुमची चिठ्ठी चुकलीय." ते थांबले. "अकरा वर्षांत साडेतीनशे पोरांनी हा प्रयोग केला. साडेतीनशे जणांचं ५८९३ आलं."

"सर, मला..."

"हे पान मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. बायकोला दाखवलं. तिला काय कळणार, पण दाखवलं. म्हटलं, आली एक. मग तुमची वही आली."

'तुमची' म्हणाले. सर तीन वर्षं मला 'तू' म्हणत होते, सगळ्याच पोरांना म्हणायचे. माझा चेहरा लाल झाला असणार. कान तापलेले मला कळत होते.

"मी तीनदा विचारलं तुम्हाला," सर म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता.

"मग पंच्याण्णव कशाला दिलेत?" माझा आवाज चिरका निघाला. "शून्य द्यायचे होते!"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, सगळ्यांना देताच की. सगळ्यांना देतो तेवढेच दिलेत."

मामा दाराशी उभे होते. बादली घेऊन आले होते, ते तसेच परत गेले.

मी पानाकडे हात केला. "सर, ते मला द्या."

"हे तुमचं नाही," ते म्हणाले. "ज्या मुलीचं होतं तिनं टाकून दिलं."

त्यांनी पिवळी वही उघडली. तीन वर्षं मी ती लांबूनच बघितली होती. वहीत पाठातल्या नोट्स होत्याच, पण प्रत्येक पानाच्या कडेला वेगवेगळ्या शाईत बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं होतं. कुठल्या वर्षी कोणत्या पोरानं काय प्रश्न विचारला, नाव-गावासकट. सुरुवातीच्या पानांवर खूप होतं. नंतर नंतर कडा कोऱ्या होत्या. ग्रेटिंगच्या पानात त्यांनी माझं पान घडी करून ठेवलं आणि वही मिटली.

त्यानंतर जे झालं ते मी अण्णांना सांगितलं नाही, रुकसानाला नाही, नवऱ्याला नाही. गेली चौदा वर्षं मी फिजिक्स शिकवते, माझ्या नावामागे डॉक्टर लागलंय, माझा सत्कार झाला की मी सगळ्या गुरुजनांचे आभार मानते. फार छान बोलते, असं लोक म्हणतात. त्या दुपारी मला बोलायला भरपूर होतं. सर, माफ करा, असं म्हणता आलं असतं. सर, खोडा तो आकडा, असं म्हणता आलं असतं. दिवा अजून गरम आहे, सर, मी परत बसते, असंही म्हणता आलं असतं, आणि ते बसू देणारे होते, याबद्दल मला शंका नाही.

मी दारापर्यंत गेले आणि मागे वळले.

"सर," मी विचारलं, "ते पंच्याण्णवच राहतील ना? बदलणार नाहीत ना?"

उपळकर सर चष्मा पुसत होते, त्याच फडक्यानं.

"राहतील," ते म्हणाले. "या तुम्ही."